मिठाचा अंदाज

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांना सगळे अंदाजमास्तर म्हणत. मिठासाठी त्यांनी उभ्या आयुष्यात चमचा हातात धरला नव्हता. भल्यामोठ्या पातेल्यात मूठ सोडायची, पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाटायचा आणि मान हलवायची, की सगळा कारखाना निमूट जेवायला बसे. बायको नव्हती, मुलंबाळं नव्हती. होती ती एक जीभ, आणि तिचा तोरा असा की विचारू नका.

मग मोठं आतडं सडलं. डॉक्टरांनी ते काढून टाकलं, लहान आतड्याचं टोक पोटावर उजव्या बाजूला बाहेर आणलं आणि त्यावर एक पिशवी चिकटवली. "हे आता कायमचं," डॉक्टर म्हणाले. घरी सोडताना नर्सने नीट समजावलं. थोडं थोडं खा, बारीक चावून खा, जेवणात मीठ जरा वाढवा, नुसतं पाणी ढोसू नका, मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटाने प्या. मास्तरांचं सगळं लक्ष पिशवीकडे. ऐकायला ताई होती, आणि ताईने तिला हवं तेवढंच ऐकलं.

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. तिचा नवरा ब्लडप्रेशरने गेला तेव्हापासून तिने मिठाशी उभा दावा मांडला होता. "मीठ वाढवा म्हणे! भलतंच काहीतरी. एकाला घालवलं ना मी मिठाने," ती म्हणाली. "तू पाणी पी भरपूर. पाण्याने कधी कोणाचं वाकडं झालंय?" तिने भावासाठी मऊ भात केला, बटाटे कुस्करले, सगळं अळणी. उशाशी पाण्याची कळशी ठेवली. मायेला कमी पडली नाही बिचारी.

जखम सुकली तसे मास्तर कामावर हजर झाले. पण भूक म्हणून राहिली नव्हती. पूर्वी पोटात कावळे ओरडायचे. आता ते कुठे उडून गेले होते कोण जाणे. ताट समोर आलं की त्यांना ते पिशवीत उतरलेलंच दिसे. स्वयंपाक्याने अन्नाकडे असं बघावं, यापरता दुसरा शाप नाही. त्यातच एकदा भट्टीसमोर पिशवी फुगली, कड सुटली आणि एप्रन ओला झाला. वास आला. सगळ्यांनी एकदमच खिडकीकडे बघितलं. त्या दिवसापासून मास्तरांनी कामावर अन्नपाणी वर्ज्य केलं. काही आत जायला नको नि बाहेर यायला नको, असा त्यांचा साधा हिशोब.

दिवसभर भट्टीपुढे घाम गाळायचा, आणि घरी आल्यावर घशाला कोरड पडलेली असायची. मग ताई पेल्यामागून पेला पुढे करी, मास्तर घटाघटा पीत, आणि घटकाभरात ते पाणी पिशवीत जाऊन बसे. तहान होती तिथेच. "अजून घे," ताई म्हणे.

आणि मग जिभेने दगा दिला. रस्सा चाखला तर पाणचट. मूठ सोडली, पुन्हा चाखला, तरी पाणचट. अजून एक मूठ. दुपारी फिटर मंडळी ओरडली, "मास्तर, आज समुद्र आटवलात का काय?" मास्तर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सूपचं तेच झालं. मॅनेजर येऊन गोड बोलून गेला, की थोडे दिवस विश्रांती घ्या. मास्तरांच्या मनाने घेतलं, की हे सगळं ठरवून चाललंय. पिशवीवाला माणूस स्वयंपाकघरात नको, तर मिठाचं निमित्त!

मास्तर काही घरी बसले नाहीत, आणि पुढे आठवडाभर कोणी ब्र काढला नाही. पातेली चाटूनपुसून परत येऊ लागली. मास्तरांची छाती पुन्हा फुगली. एक दिवस ते पिशवी रिकामी करायला गेले आणि लवकर परतले. बघतात तर त्यांची मदतनीस बाई, जिला त्यांनी कांदा चिरण्यापासून सगळं शिकवलं होतं, घाईघाईने त्यांच्या रश्श्यात उकडलेले बटाटे आणि गरम पाणी ढकलत होती.

"काय चाललंय बाई?"

बाईंच्या हातातला बटाटा हातातच राहिला. "मास्तर, खारट होतंय. रोजच होतंय. तुम्हाला कसं सांगू? तुमचं नाव खराब व्हायला नको म्हणून..."

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते बाईंना त्या दिवशी दिसलं. मास्तर ओरडायला लागले. ओरडता ओरडता त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले, बोटं वाकडी झाली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. ते तिथेच, बटाट्यांच्या सालींवर कोसळले.

दवाखान्यात हातातल्या सुईतून खारं पाणी शरीरात गेलं तेव्हा कुठे माणूस बोलता झाला. नर्स तीच होती. "तुमच्या पिशवीतून मीठ वाहून जातंय," ती म्हणाली. "मोठं आतडं मीठ-पाणी धरून ठेवायचं, ते आता नाही. त्यावर तुम्ही नुसतं पाणी ओतलंत, ते उरलंसुरलं मीठही घेऊन गेलं. जीभ मीठच मागत होती तुमची."

ताई पायाशी बसली होती. "म्हणजे मीच रे..." एवढंच म्हणाली आणि पदर तोंडात कोंबला.

मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांना वेगळाच आनंद झाला होता. जीभ बिघडली नव्हती तर! "मग आता चव परत येईल?"

"येईल की. पण घाम आला, जुलाब झाले, खाण्यापिण्यात हयगय झाली, की पुन्हा जाईल. हे आता सांभाळत राहायचं. किडन्यांनाही मार बसलाय थोडा."

मास्तर परत कॅन्टीनला गेले तेव्हा खिशात मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली होती. ताईने स्वतःच्या हाताने मीठ घालून भरून दिलेली. ते आपली पळी मागायला आले होते. मनात सगळं बोलणं जुळवून ठेवलं होतं. मोठं पातेलं आता बाईंकडे होतं. त्यांना बघताच बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदराने पळी पुसली, रश्श्यात बुडवली आणि पुढे धरली. "मास्तर, तुम्हीच बघा. तुमच्याशिवाय मला धीर होत नाही."

मास्तरांनी थेंब तळहातावर घेतला आणि चाटला. मीठ कमी होतं. त्यांचा हात सवयीने बरणीकडे गेला, झाकण उघडलं, मूठ भरली.

आणि मूठ पातेल्यावर तशीच राहिली. मीठ रश्श्यात कमी होतं की त्यांच्यात? त्यांनी पुन्हा चाखलं. तिसऱ्यांदा चाखलं. सकाळी पिशवी किती भरली होती ते आठवून बघितलं. काही कळेना. उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्यांना अंदाज येत नव्हता, आणि इथून पुढे कधीच खात्रीने येणार नव्हता.

त्यांनी मूठ परत बरणीत सोडली. तळहाताला चिकटलेले कण झटकले.

"बाई, मला विचारू नका," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाला तरी द्या चाखायला."

मग बाकावर बसून त्यांनी बटाटे सोलायला घेतले.