चिन्हांची रांग

एर्मेकनं स्पेसचं बटण दाबलं, ओळीतलं '=' हे चिन्ह एक घर सरकलं आणि पडदा पुन्हा लाल झाला.

"बरोबरची चिन्हं एका रेषेत नाहीत," बेगायिमनं मागून वाचलं. एर्मेकला ती बाइके, म्हणजे दादा, म्हणायची. "बाइके, तिकडे माणसं गारठताहेत आणि ह्याला रांग हवीय."

बिश्केकच्या या ऑफिसातून बॉयलरघरांचे व्हॉल्व्ह उघडत. हातानं फिरवायची चाकं प्रगती म्हणून मागेच काढून टाकली होती. दक्षिणेकडच्या वस्तीचं नवं बॉयलरघर धडधडत होतं; फक्त प्रोग्रामच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, म्हणून घरं उबदार ठेवणारं गरम पाणी तिकडे जात नव्हतं. एका ओळीचं काम. पण नाव लांबलचक होतं, आणि कोडची मांडणी तपासणारा प्रोग्राम हिरवा झाल्याशिवाय साहेब ऐकून घेत नसत.

"तोडून लिहा ना नाव."

"लिहिलं. म्हणे, पूर्ण हवं."

शेवटी एर्मेकनं यादीतली प्रत्येक ओळ त्या नावाच्या मापानं सरकवली. रांग सुतात आली. पडदा लालच. ज्याच्या ओळी हलवल्या, त्याची मंजुरी हवी. सगळ्या ओळी त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या, तुराटच्या होत्या. तो वारल्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण दोघं नुकतंच जेवून आले होते. घोड्याचं मांस छान शिजलं होतं.

"मग हा नियमच काढून टाकू."

"नियमही त्याचाच. त्याला विचारावं लागेल."

तुराटच्या खात्यात शिरून मंजुरी देता आली असती; पण शिरायचा कोड त्याच्या फोनवर जाई, आणि फोन त्याच्या बायकोकडे, बुरुल एजेंकडे, म्हणजे बुरुलताईंकडे होता. त्या त्याच गारठलेल्या वस्तीत राहत. एर्मेकनं त्यांना फोन लावून स्पीकर चालू केला.

"एजे, तुराट बाइकेंच्या फोनवर आकडे येतील. तेवढे वाचून दाखवा."

"थांब, हातमोजे काढते. चष्म्यावर वाफ धरलीय मेली... हा एक आहे की सात?"

कोडची मुदत संपली. दुसऱ्याचीही संपली, बोटं वळत नाहीत म्हणाल्या. तिसऱ्या वेळी पडद्यावर उमटलं: खातं बंद. तुराट यांनी ओळखपत्र घेऊन स्वतः हजर राहावे.

"कार्यालयीन वेळेत," बेगायिमनं खालची ओळ वाचली.

"झालं का रे?" फोनमधून आवाज आला.

एर्मेकनं पडद्यावरची सूचना मिटवली.

"झालं, एजे."

"त्यानंच केलं ना शेवटी?"

"त्यानंच."

"बघ. घरात कधी खिळा ठोकला नाही बाबानं."

फोन ठेवून एर्मेक उठला. एजेंकडे न्यायला टेबलाखालचा हीटर त्यानं ओढून काढला, प्लग उपसला आणि वायर गुंडाळायला घेतली.

"बाइके," बेगायिम हळूच म्हणाली, "तिकडे सगळ्यांनी एकदमच हीटर लावले. सकाळीच तारा जळाल्या. लाइट नाहीये."

एर्मेक वायर गुंडाळत राहिला. एक वेढा तिरका गेला होता. तो उलगडून त्यानं पुन्हा नीट घातला.