नऊ इंचांचा हात

“या पोराच्या हाताचं माप काय?” आकडेवारी सांभाळणाऱ्या ब्रेंटने विचारलं.

मी कागद बघितलासुद्धा नाही. “नऊ इंच,” म्हणाले. दोघंतिघं हसले. मागच्या रांगेत व्हर्नन स्टकी डोनटच्या कागदाची घडी घालत बसला होता, तो घालतच राहिला.

शनिवारची दुपार होती. अमेरिकन फुटबॉलच्या नव्या खेळाडूंच्या निवडीचा तिसरा दिवस, चौथी फेरी. आमच्या संघाची पाळी आली होती आणि नाव सांगायला पाच मिनिटं होती. आम्हाला क्वार्टरबॅक हवा होता, म्हणजे चेंडू ज्याच्या हातून सुटतो आणि हरल्यावर खापर ज्याच्या डोक्यावर फुटतं तो माणूस. चौदा वर्षं आम्ही तो शोधतोय. ही चौदा वर्षं कुठून मोजायची, ते व्हर्ननला कुणी सांगायला नको.

व्हर्नन आमचा खेळाडू हेरणारा पारखी. ओहायो ते आयोवा, एकतीस वर्षं छोट्या छोट्या कॉलेजांची मैदानं त्याने गाडीने पालथी घातली. पारख्यांचे करार मे महिन्यात संपतात. या वेळी त्याचा पुन्हा होणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यालाही.

चौदा वर्षांपूर्वी असाच एक मुलगा होता. पंजा पसरला की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत नऊ इंच. व्हर्ननने बंद हॉलमध्ये मोजपट्टी लावली आणि लिहिलं, ‘हात लहान, थंडीत चेंडू निसटेल, घेऊ नये.’ थंडीत त्याला खेळताना बघायला मात्र तो गेला नाही. आत्ताचा आमचा मॅनेजर कर्टिस ओबरमायर तेव्हा नवखा होता. त्या मुलासाठी तो घसा फोडून भांडला, पण शब्द चालला थोरल्याचा. तो मुलगा दुसरीकडे गेला आणि आमच्याच मैदानावर, भर बर्फात, आम्हाला सहा वेळा हरवून गेला.

फळ्यावर नावांच्या लोहचुंबकी पट्ट्या लावणं आणि काढणं हे माझं काम. त्या मुलाची पट्टी व्हर्ननने माझ्याकडून मागून नेली आणि घरच्या फ्रिजवर लावली. लॉरेन, त्याची बायको, मला म्हणाली होती, “मार्लीन, हा रोज तिच्याकडे बघत कॉफी पितो गं.”

यंदा साऱ्या गावाला एका मोठ्या विद्यापीठाचा नावाजलेला पोरगा हवा होता. त्याच्यासाठी पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीतल्या निवडीचे हक्क दुसऱ्या संघाला द्यावे लागले असते. व्हर्नन म्हणाला, देऊ नका. आधी क्वार्टरबॅकला जपणारा धिप्पाड गडी घ्या, आणि चौथ्या फेरीपर्यंत दम धरून आयोवाचा एमेट व्हँडरप्लोग घ्या. कर्टिसने तसंच केलं. गुरुवारपासून रेडिओवर लोक त्याच्या नावाने बोटं मोडत होते. आता एमेटही वाया गेला, तर कर्टिसची खुर्ची राहत नव्हती.

“पुन्हा नऊच इंच,” ब्रेंट म्हणाला. “आपल्या पाळीचा हा क्रमांक दुसऱ्या संघाला देऊ, बदल्यात पुढचे दोन मिळतील.” त्याने थंडीतलं मैदान फक्त पडद्यावर बघितलेलं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

व्हर्नन उठला. “हात मी मोजलाय, दोनदा. नऊच आहे, वाढणार नाही. पण या खेपेला मी नोव्हेंबरात चार वेळा गेलो. वारा कातडं सोलत होता, आणि हा उघड्या हातांनी खेळत होता. चेंडू एकदाही निसटला नाही. मागच्या वेळी मी मोजपट्टी बघितली, पोरगा बघायचा राहिला.”

“आणि चुकलात तर? तुम्ही तर मे महिन्यात...” ब्रेंट अडखळला.

“घरी असेन. शिव्या कर्टिसला बसतील. म्हणूनच चार वेळा गेलो.”

कर्टिसला आत्ता जुना हिशेब चुकता करता आला असता. चौदा वर्षांत त्याने ती गोष्ट एकदाही काढली नव्हती, आजही काढली नाही. एमेटची पट्टी काढून त्याने माझ्या हातात दिली. “आपल्या रकान्यात लाव, मार्लीन.”

निवडलेल्या मुलाला फोन मॅनेजरनेच करायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. कर्टिसने नंबर लावला, मागच्या रांगेपर्यंत चालत गेला आणि फोन व्हर्ननपुढे धरला. “तुम्हीच सांगा.”

व्हर्ननने फोन कानाला लावला. “एमेट? मी व्हर्नन. मोजपट्टीवाला म्हातारा. घेतलं रे तुला.” पलीकडे कुणीतरी रडत होतं, बहुतेक आई. “मी? नाही बाळा, तू येशील तेव्हा मी नसेन. इथे कर्टिस म्हणून एक माणूस आहे. त्याचं ऐक. त्याने माझं ऐकलंय, आणि तसं ऐकण्याचं त्याला काही कारण नव्हतं.”

कर्टिस खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत. अशा माणसांत माझी सत्तावीस वर्षं गेली, आणखी काय मागायचं?

खोली रिकामी झाल्यावर मी व्हर्ननला विचारलं, एमेटची पट्टी घरी नेणार का? “नको, ती फळ्यावरच राहू दे,” तो म्हणाला. मग कोटाच्या खिशातून त्याने दुसरी एक पट्टी काढली, कडा झिजलेली, कॉफीचा डाग पडलेली. सकाळीच फ्रिजवरून काढून आणली होती.

“ही ऑफिसची होती,” असं म्हणत त्याने ती माझ्या टेबलावर ठेवली. मग खोक्यात उरलेला एक डोनट लॉरेनसाठी कागदात गुंडाळला आणि जाताना खोलीतले दिवे मालवले.