टेकू दिलेला कान

मी एक जुना कुत्रा आहे. जुना म्हणजे चार वर्षांचा. आमच्या निवारा केंद्रात आठ वर्षांचा लॅब्राडोर ‘समजूतदार’ असतो आणि चार वर्षांचा गावठी जुना.

मित्रांनो, माझा जन्म अमळनेरच्या एसटी स्टँडमागे, रसवंतीच्या चिपाडात झाला. आई बसखाली गेली. झुंबरबाईंनी मला ओच्यात घालून जळगावजवळच्या या केंद्रात आणलं. आम्हाला खाऊपिऊ त्याच घालतात. जातिवंत पिल्लू आलं की पाहुण्यांचा चहा निवायच्या आत गाडीत बसून जाई. माझ्या पिंजऱ्यापाशी लोक थांबत ते चपलेतला खडा काढायला.

झुंबरबाईंना माझी कीव आली. फैजपूरचे केळीवाले जीवरामनाना लेकीला, डिंपलला, घेऊन आले तेव्हा बाई गंभीरपणे म्हणाल्या, “नाना, हाऊ साधा नही शे. याना बाप जर्मन व्हता.”

“मग कान का पडेल आहेत?”

“पिल्लू शे. मोठा व्हयना की उभा राहतीन.”

एका वाक्यात मी परदेशी झालो.

नानांकडे माझे फार लाड झाले. डिंपल स्वतःच्या ताटातली पोळी द्यायची. नाना रोज सकाळी आधी माझे कान पाहत, मग देवाचं दर्शन घेत. शेजारचे बन्सीलालभाऊ कुंपणावरून विचारत, “काय नाना, तुमचा जर्मन अजून झोपेलच आहे का?”

घडाच्या ओझ्याने वाकलेल्या केळीला बांबूचा टेकू देतात. नानांनी तसाच माझ्या कानांना पुठ्ठ्याचा टेकू दिला, वरून चिकटपट्टी. बागेतल्या केळी उभ्या राहिल्या. कान राहिले नाहीत.

पुढे एका पहाटे बागेत रानडुकरं शिरली. जर्मन बापाने अशा वेळी काय केलं असतं, ठाऊक नाही. मी आईवर गेलो. भुंकलो, भिडलो. डुकरं पळाली, जाताना माझा अर्धा डावा कान घेऊन गेली.

नानांनी जखमेवर हळद भरली आणि बराच वेळ कानाकडे पाहत बसले. मला वाटलं, कौतुक आहे.

“आता तर उभा राहायची आशाच गेली,” ते म्हणाले.

“पप्पा, त्याने बाग वाचवली ना!”

“वाचवली, बेटा. पण बंगल्याच्या गेटवर शोभला पाहिजे.”

ज्या गाडीतून मी केंद्रात परत आलो, त्याच गाडीतून एक लॅब्राडोर फैजपूरला गेला. तो म्हणे कूलरसमोरून उठत नाही. भारी जातीचा आहे, ऊन सोसत नाही, असं नाना अभिमानाने सांगतात. डुकरंही खूश असावीत.

झुंबरबाई आता खरं तेच सांगतात. “गावठी शे.” लोक मान डोलावतात आणि पुढच्या पिंजऱ्याकडे जातात.

मित्रांनो, कुत्रा न्यायला याल तेव्हा एक करा. कान बघण्याआधी हाक मारून बघा. गेटवर गाडी थांबली की मला डिंपलचा आवाज आल्यासारखं वाटतं आणि माझा धड उरलेला उजवा कान ताठ उभा राहतो, अगदी जर्मनासारखा. नानांच्या घरी तो कधी उभा राहिला नाही, कारण तिथे मला कुणाची वाट पाहावी लागत नव्हती.