कुलपाला बाईचा आवाज

सकाळी साडेआठच्या बातम्यांच्या तोंडावर टीव्हीवर कुलपाची जाहिरात लागली आणि तिच्यात चुकीचा आवाज होता.

ज्या बाईचा तो आवाज होता, ती त्या वेळी आरशासमोर उभी राहून केसांत पिना खोचत होती. बाहेरच्या खोलीतून आपलंच बोलणं ऐकू आलं तेव्हा आधी तिला भास वाटला. मग शब्द कळले. "हे दार माझं. आत कोण येणार, मी ठरवणार." दातांत धरलेली पिन तशीच राहिली आणि ती अर्ध्या वेणीनिशी बाहेर धावली.

सासूबाई सोफ्यावर पाय दुमडून बसल्या होत्या. "अगं, ही बाई थेट तुझ्यासारखी बोलते."

"आई, मीच आहे ती."

"मग काल नाही का सांगायचं! शेजारी सांगून ठेवलं असतं मी."

"मलाच माहीत नव्हतं."

"स्वतःच्या जाहिरातीचं स्वतःलाच माहीत नाही? कमाल आहे तुझ्या नोकरीची."

कमाल होतीच. ती एका छोट्या स्टुडिओत संकलकाची सहायक होती. जाहिरातीची दृश्यं जोडताना मागचा आवाज लागतो, आणि आवाज देणारा मोठा कलाकार तर शेवटी येतो. तोवर काम अडू नये म्हणून जो हाताशी असेल त्याच्याकडून मजकूर वाचून घेतात. त्याला म्हणायचं कच्चा आवाज. पक्का आवाज आला की कच्चा बंद करायचा. हाताशी नेहमी तीच असायची. बँक, सिमेंट, मोटारीची बॅटरी, सगळं तिनं कच्चं वाचलं होतं आणि त्यातलं एक अक्षर कधी बाहेर गेलं नव्हतं. स्टुडिओत तिचं नावच पडलं होतं कच्ची.

तिनं संकलकाला फोन लावला. माणूस पन्नाशीचा, हात भरभर चालणारा. सगळे त्याला कात्री म्हणत, ती दादा म्हणे.

"दादा, कुलपाच्या जाहिरातीत माझा आवाज गेलाय."

"काहीतरीच काय!"

"आईंनी ऐकला."

"तुझ्या सासूला कमी ऐकू येतं, तूच म्हणतेस."

"मीही ऐकला, दादा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग माउसची टकटक. "मेलो," कात्री म्हणाला. "जशी असशील तशी ये."

ती जशी होती तशीच निघाली, अर्धी वेणी रस्त्यात पुरी केली. वाटेत नवऱ्याचा निरोप आला. तो कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. "कँटीनमध्ये टीव्ही चालू आहे. मी दचकलो तर सगळे विचारतायत, ही तुझी बायको का. हो म्हणू का?" तिला हसू फुटलं आणि धडकीही भरली. तिनं लिहिलं, "म्हण." आणि लगेच वाटलं, घाई तर नाही ना केली?

संकलनाच्या खोलीत पडदे ओढलेले होते आणि कात्रीचा चेहरा स्क्रीनच्या उजेडात निळा पडला होता. चूक त्याची होती आणि त्यानं ती लपवली नाही. पक्का आवाज चित्रापेक्षा लांब पडत होता. बाईच्या चेहऱ्यावर नेमकं कुठे थांबायचं ते कच्च्यावर चांगलं कळतं, म्हणून त्यानं घटकाभर पक्का बंद करून कच्चा चालू केला होता. जुळवाजुळव झाली आणि तो परत अदलाबदल करायचं विसरला. फाइल तशीच चॅनेलला गेली.

"तुझ्या आवाजावर चित्र कापलं, म्हणून तर ते असं चपखल बसलंय," तो वैतागून म्हणाला. जणू तो गुन्हाही तिचाच होता.

एवढ्यात एजन्सीची बाई आली. जाहिरात तिनंच लिहिली होती. एका हातात एक फोन, दुसऱ्या हातात दुसरा, आणि दोन्ही वाजत होते.

"कुणाचा प्रताप आहे हा?"

"माझा," कात्री म्हणाला.

"पक्की फाइल आत्ताच्या आत्ता चॅनेलला जाऊ दे. संध्याकाळी अंतिम सामना आहे. निम्मं जग टीव्हीसमोर असणार आणि आमचं कुलूप बाईच्या आवाजात बोलणार? कंपनीचे थोरले साहेब मला उभं सोलतील."

बोलता बोलता तिनं वाजणारा एक फोन उचलला, ऐकलं, "हो का?" म्हणाली, आणि खाली बसली. मग दुसरा उचलला. पुन्हा, "हो का?"

कंपनीत सकाळपासून फोन थांबत नव्हते. एका दुकानदारानं तक्रार केली होती की बाईच्या आवाजात कुलूप तकलादू वाटतं. दुसऱ्यानं विचारलं होतं, ते बाई बोलते ते कुलूप माझ्याकडे कधी येणार, कारण सकाळी दुकान उघडायच्या आत दोघीजणी येऊन गेल्या. एका गृहस्थानं तर कंपनीला चांगलंच झापलं होतं. जाहिरात संपल्यावर त्याच्या बायकोनं विचारलं, दार माझंही आहे, मग किल्ल्यांचा जुडगा कायम तुमच्याच खिशात का? आता मी काय उत्तर देऊ, तुम्हीच सांगा, असं त्याचं म्हणणं.

"लाव जरा," एजन्सीची बाई म्हणाली. "दोन्ही लाव."

कात्रीनं आधी पक्की लावली. नवरा बॅग घेऊन गावाला निघतो. बायको दार लावते आणि त्याला पाठ टेकून उभी राहते. दारावर थाप पडते. ती वळून दाराच्या भोकातून बाहेर बघते. कुलूप जवळून दिसतं. मागून धीरगंभीर पुरुषी आवाज घुमतो, "हे दार माझं. आत कोण येणार, मी ठरवणार." बोलतंय ते कुलूप. बायको घाबरलेली आहे आणि कुलूप म्हणतंय, मी आहे ना. तिचा जीव भांड्यात पडतो.

मग कच्ची लावली. तोच नवरा, तीच बॅग, तेच दार. एक फ्रेमसुद्धा बदललेली नाही. पण आता बोलत होती ती पाठ टेकून उभी असलेली बायको. मघाशी भेदरलेला वाटणारा चेहरा आता विचार करत होता. ती भोकातून बघत होती ती भीतीनं नव्हे, पारखायला. आणि कुलूप होतं नुसतं कुलूप, तिच्या हातातलं.

कच्ची स्क्रीनच्या आणखी जवळ सरकली. आपला आवाज असा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. खरं तर तो कुणी ऐकलाच नव्हता.

"मी हे असं लिहिलं नव्हतं," एजन्सीची बाई हळूच म्हणाली.

"लिहिलंत तुम्हीच, मॅडम," कात्री म्हणाला. "वाचलं हिनं."

दुपार चढायच्या आत पक्का आवाजही येऊन थडकला. भारदस्त माणूस, आवाजाच्या दुनियेत त्याला घुमट म्हणत. शहरातली निम्मी सिमेंटं आणि झाडून सगळ्या बँका त्याच्याच घशातून बोलत. तो दारातूनच गरजला.

"माझ्या जागी कच्चा आवाज? करारात माझा आवाज आहे. मी कुणाची गंमत म्हणून घसा साफ करत नाही!"

"सर, चुकून झालं," कच्ची म्हणाली.

"तू वाचलंस? ऐकव."

त्यानं डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग कानामागे खाजवत म्हणाला, "बरं वाचलंयस. कुठे दाबलं नाहीस, कुठे फुगवलं नाहीस. पण म्हणून मी जागा सोडीन असं समजू नकोस. आज कुलूप गेलं, उद्या बँक जाईल. संध्याकाळी माझाच आवाज लागला पाहिजे." आणि तो जाऊन खिडकीपाशी ठाण मांडून बसला.

एजन्सीच्या बाईच्या डोक्यात मात्र चक्र फिरू लागलं होतं. तिनं थोरल्या साहेबांना फोन लावला, बराच वेळ नुसतं "हो साहेब, कळतंय साहेब" केलं आणि उजळलेल्या चेहऱ्यानं वळली.

"ऐक, कच्ची. साहेब बाईच्या आवाजाला नाही म्हणत नाहीत. फक्त त्यांना तो थोडा रुक्ष वाटतो. बाईचाच आवाज, पण जरा गोड. हसून. चल, काचेआड जा. आज तुझा पक्का आवाज!"

कच्चीच्या पायांत वारं शिरलं. पक्का आवाज! तिनं कानांवर हेडफोन चढवले, कात्रीनं काचेपलीकडून अंगठा दाखवला, आणि ती बोलली.

"छान. आता ओठांवर हसू ठेव."

तिनं ठेवलं.

"अजून थोडं गोड. नवरा समोर उभा आहे असं समज. त्याला लाडानं सांगतेयस."

तिनं सांगितलं.

"'मी ठरवणार' जरा सोडून दे गं. तिथं जोर नको. 'दार' वर दे जोर."

कितीदा झालं कुणी मोजलं नाही. शेवटचं एकदाचं पसंत पडलं तेव्हा एजन्सीच्या बाईनं टाळी वाजवली. कात्रीनं ते चित्रावर चढवलं. दारामागची बायको आता गोड बोलत होती, इतकी गोड की दार उघडायच्या आधीच तिनं आलेल्याला पाणी विचारलं असतं.

"सुंदर!" एजन्सीची बाई म्हणाली.

"मॅडम, हिला भोकातून बघायची गरजच उरली नाही," कच्ची म्हणाली.

"म्हणजे?"

"सकाळी ही ठरवत होती. आता ही विचारतेय, ठरवू का?"

"हसून बोललं म्हणजे काय लगेच परवानगी मागणं झालं?"

"सरांना कधी हसायला सांगितलंत?"

खिडकीतून घुमट खाकरला. "मला एकदाच सांगितलं होतं. बिस्किटांसाठी. मी नाही म्हटलं."

"तुम्हाला नाही म्हणता येतं, सर," एजन्सीची बाई फटकन म्हणाली, आणि स्वतःच थबकली. मग खुर्ची ओढून कच्चीसमोर बसली. "हे बघ, मला कळत नाही असं नाही. मी अशा मीटिंगांत जाते जिथं टेबलाभोवती मी एकटी बाई असते. तिथं गोड बोलूनच मी तुझा आवाज इथवर आणलाय. आज गोड जाऊ दे. उद्या रुक्ष आणू."

त्यात खोटं काही नव्हतं. कच्ची स्क्रीनवरच्या बायकोकडे वळली. रोज वाचताना तिला कुणी हसायला सांगत नसे, लाडात यायला सांगत नसे. कच्च्या आवाजाची रीतच तशी, सरळ वाचायचं आणि वेळेत संपवायचं, कारण तो कुणी ऐकणारच नसतो. कुणी ऐकणार नाही म्हटल्यावर ती इतकी नीट बोलली होती. आणि सकाळी ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

"पक्की आणि गोड, अशा दोन फायली पाठव," एजन्सीची बाई कात्रीला म्हणाली. "कुठली लावायची ते साहेब चॅनेलला परस्पर कळवतील."

"तीन पाठवा, दादा," कच्ची म्हणाली.

"तिसरी कुठली?"

"सकाळची."

"कच्चा आवाज पाठवायची पद्धत नाही," एजन्सीची बाई म्हणाली.

"एकदा गेलाय की. लपून नको, तुमच्यासमोर पाठवतेय. साहेबांना सांगा, तिसरी मी पाठवली. रागवायचं तर माझ्यावर."

"तुझी नोकरी जाईल, बाई."

"माझ्याकडे बघून म्हणा ते," कात्री म्हणाला. "चूक माझी, हिला कोण काढतंय?"

"थोरल्या साहेबांनी स्टुडिओच बदलला तर दोघंही जाल!"

घुमट उठला, टेबलापाशी आला आणि त्यानं तिन्ही पुन्हा लावायला सांगितल्या. ऐकून झाल्यावर बोट उगारून म्हणाला, "माझीच लागणार, लिहून घ्या. पण पाठवा तिसरी. हरायचंच असेल तर मी सकाळच्या हिच्याकडून हरेन. त्या दुपारच्या गोड बाईकडून नाही."

एजन्सीच्या बाईनं दोन्ही फोन पालथे ठेवले. "पाठवा," ती म्हणाली. "साहेबांशी मी बोलते."

कच्चीनं स्वतः बटण दाबलं. निळी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली.

सामना सुरू झाला तेव्हा चौघं तिथंच होती. कात्रीनं कामाच्या स्क्रीनवर चॅनेल लावलं. पहिल्या ब्रेकला थंड पेय लागलं, मोटार लागली, मग घुमटाच्या आवाजातली एक बँक लागली. "हा मी," तो सवयीनं म्हणाला. कुलूप लागलं नाही. सासूबाईंचा फोन आला, शेजारच्या तिघी येऊन बसल्यात, तुझं कधी लागणार?

"बघत बसा, आई," कच्ची म्हणाली. "मीही बघतेय."

चॅनेलनं कळवलं आहे की तिन्ही फायली व्यवस्थित पोचल्या असून कुलपाची जाहिरात दुसऱ्या ब्रेकमध्ये आहे. तिन्हींतली कुठली लावायला सांगितली ते विचारायला थोरल्या साहेबांना केलेला फोन अजून लागत नाही.