चौदा नंबरचे पाय आणि मी

मित्रांनो, माझ्या पोटाला एक मोठा पोचा आहे आणि काठावरचा पांढरा मुलामा तीन ठिकाणी उडालाय. तेव्हा वेगळं सांगायला नको, मी एक जुना टब आहे. अंघोळीचा नव्हे हं! एवढा ऐसपैस संसार माझ्या वाट्याला आला नाही. माणसाचे दोन पाय घोट्याच्या वरपर्यंत बुडतील, एवढाच माझा जीव.

माझा जन्म अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या एका कारखान्यात झाला. पत्रा दाबून मला खोलगट केलं, काचेच्या पातळ लगद्यात बुचकळून काढलं आणि लालभडक भट्टीत ढकललं. त्या भट्टीतून बाहेर आलो ते असा गुळगुळीत, पांढराशुभ्र होऊनच. काठाला निळी रेघ होती. दुकानाच्या फळीवर बसून मी येणाऱ्याजाणाऱ्यांकडे जरा तोऱ्यातच बघायचो, आता कबूल करायला काय हरकत आहे?

डुलूथ या सरोवरकाठच्या बंदरगावाजवळच्या एका शेतकरी घराने मला नेलं. तिथे पाच बाळांच्या अंघोळी माझ्यात झाल्या. बाळं पाण्यात हातपाय आपटायची आणि आई पदर खोचावा तशा बाह्या सरसावून हसायची. उन्हाळ्यात मी ब्लूबेरीने काठोकाठ भरायचो. मग बाळं मोठी झाली, घर विकलं, आणि एका चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून मी डुलूथमधल्या लिंडन हाऊसमध्ये आलो. माझ्या आयुष्याचं खरं काम इथे सुरू झालं.

लिंडन हाऊस म्हणजे विटांची एक जुनी शाळा. आता तिच्यात सोळा खाटा आहेत. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं की डॉक्टर सांगतात, "आता घरी जाऊन आराम करा." पण ज्याला घरच नाही, त्याने टाके घातलेलं पोट घेऊन कुठे जायचं? पुलाखाली? तर असा माणूस इथे येतो. बरा होईपर्यंत राहतो, जेवतो, झोपतो. त्याला इथे पेशंट म्हणत नाहीत, पाहुणा म्हणतात. आणि मंगळवारी, गुरुवारी दुपारी जेवणानंतर इथे पाय धुतात. धुणारा खाली बुटक्या स्टुलावर बसतो, पाहुणा वर खुर्चीत. हा क्रम कधी उलटा होत नाही, मग धुणारा शहरातला बडा वकील का असेना.

घराची आणखी एक रीत आहे. पाहुण्याला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. खिडकी उघडू का? साबण चालेल का? पाणी पुरेसं गरम आहे का? वर्षानुवर्षं ज्याला पोलिसांपासून कारकुनापर्यंत सगळ्यांनी नुसतं 'ऊठ' आणि 'पुढे हो' एवढंच सांगितलंय, त्याला कुणी काही विचारलं की तो आधी मागे वळून बघतो. आपल्यालाच विचारलंय का, म्हणून! हे मी माझ्या डोळ्यांनी, म्हणजे माझ्या काठाने पाहिलंय.

कितीतरी वर्षं मी राबलो. भेगा पडलेले पाय, बुटात महिनाभर कोंडलेले पाय, रस्त्याने दगड करून टाकलेले पाय. पहिल्यांदा कोमट पाण्यात शिरताना प्रत्येक पाय थोडा बिचकायचा, मग सैल पडायचा. काही जण रडायचे. ल्यूथर नावाचा एक धिप्पाड माणूस माझ्यात पाय बुडवून एकदा तासभर झोपला होता. तोच पुढे बरा होऊन इथला स्वयंपाकी झाला. "या टबानेच मला नोकरीला लावलं," असं तो नव्या लोकांना सांगायचा आणि मी मनातून फुगायचो.

पण एके दिवशी प्लॅस्टिकचे बारा टब आले. हलके, सारखे, प्रत्येकाला दोरीने बांधलेला थर्मामीटर. मला तळघरात नेऊन एका गळक्या नळाखाली ठेवलं. टप्, टप्, टप्. चार वर्षं मी ते एकेक थेंब झेलत बसलो. पायांची सवय असलेल्याला थेंब काय पुरणार? खूप एकटं वाटायचं, मित्रांनो.

मग एका जानेवारीत व्हर्जिल सालो आला.

सालो सरोवरातल्या मालवाहू जहाजांवर खलाशी होता. उंच, खांद्याने दार भरून टाकणारा, एकसष्टीचा. जहाजावरचं काम सुटल्यावर तो आपल्या जुन्या गाडीत राहू लागला आणि त्या गाडीतच हिमबाधेने त्याच्या डाव्या पायाची तीन बोटं गेली. डाव्या पायाला बँडेज होतं, तो भिजवायचा नव्हता. उजवा पाय मात्र दिसायला ठणठणीत. पण बूट चौदा नंबरचा! प्लॅस्टिकच्या टबात त्याची टाच गेली तर बोटं बाहेर, बोटं गेली तर टाच बाहेर.

"याला काय, होडी आणू का?" ल्यूथर म्हणाला.

"आण की. वल्हवत जातो इथून," सालो गुरगुरला.

ल्यूथर हसत तळघरात उतरला आणि मला घेऊन वर आला. काय सांगू तुम्हाला! उजेडात येताच मला वाटलं, माझा मुलामासुद्धा पुन्हा नवा झाला.

त्या दिवशी पाय धुवायला डोरीनबाई होत्या. वय अडुसष्ट, तीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या, आवाज खणखणीत. दोन महिन्यांपूर्वीच त्या इथे स्वयंसेवक म्हणून यायला लागल्या होत्या आणि इथल्या सगळ्या रीती त्यांनी मनापासून उचलल्या होत्या. त्यांनी हातमोजे चढवले, माझ्यात पाणी ओतलं, सालोचा मोठा पाय अलगद आत ठेवला आणि विचारलं, "मिस्टर सालो, गरम आहे ना?"

"थंडगार."

डोरीनबाईंनी किटलीतलं थोडं पाणी घातलं. "आता?"

"बाई, दुष्काळ पडल्यासारखी काय ओतताय? घाला की!"

डोरीनबाई हसल्या. पाहुणा काहीतरी मागतोय, याचाच त्यांना आनंद झाला. आल्यापासून त्याने काही मागितलंच नव्हतं. त्यांनी किटली पुरती रिकामी केली. माझा पत्रा तापला. मला कळत होतं, मित्रांनो, की हे फार झालं. पण टब कुणाला काय सांगणार? सालो मात्र निवांत बसला होता, डोळे मिटून. "आता कसं, बरं आहे," तो म्हणाला.

पाच मिनिटांनी डोरीनबाईंनी टॉवेलवर पाय घेतला. पाऊल लालेलाल झालं होतं. घोट्याजवळ कातडी फुगून आली होती.

"ग्वेन!" त्या ओरडल्या. "ग्वेन, लवकर ये!"

ग्वेन इथली मुख्य नर्स. ती धावत आली, तिने पायावर गार पाण्याची धार धरली, फोड पाहिले आणि शांतपणे विचारलं, "थर्मामीटर लावला होता?"

"या टबाला नाहीये."

"कोपर घालून पाहिलं?"

डोरीनबाईंनी नकारार्थी मान हलवली. "मी त्यांना विचारलं, ग्वेन. दोनदा विचारलं."

ग्वेनने डोळे मिटून घेतले. सालोला मधुमेह होता, तिच्या कागदांत तेवढंच लिहिलेलं होतं. मधुमेहाने पाय बधिर होतात, हे तिला ठाऊक होतं. पण सालोला आल्या दिवशी विचारलं तेव्हा त्याने "पाय उत्तम आहेत" असं ठासून सांगितलं होतं.

आता सालोचा आवाज चढला. "एक पाय दवाखान्याने खाल्ला. दुसरा तुम्ही भाजलात. छान! माझी पिशवी आणा. मी चाललो."

"मिस्टर सालो, बाहेर उणे बावीस आहे," ग्वेन म्हणाली. "दोन्ही पायांना जखमा घेऊन गाडीत राहिलात तर वसंतापर्यंत दोन्ही पाय जातील. हे घाबरवायला सांगत नाही, जे होईल तेच सांगतेय."

"माझे पाय, माझी मर्जी. की दाराला कुलूप आहे?"

दाराला कुलूप नव्हतं. इथे कुणाला कोंडत नाहीत. ग्वेनने फक्त जखमेवर मलमपट्टी पुरी होईस्तोवर थांबायची विनंती केली आणि सालो धुसफुसत थांबला. तेवढाच काय तो वेळ हातात होता.

लिंडन हाऊसची तिसरी रीत आता सांगतो. ज्याच्या हातून चूक झाली, त्यानेच ती पाहुण्याला जाऊन सांगायची. मोठ्या साहेबाने नाही, चिठ्ठीने नाही. त्याच बुटक्या स्टुलावर बसून, ज्याची त्याने. पण डोरीनबाई कुठे होत्या? त्यांचा एप्रन दाराच्या खुंटीला लटकत होता.

ल्यूथर मला उचलून मागच्या दाराने पाणी फेकायला निघाला. गाड्यांच्या जागेत डोरीनबाई आपल्या गाडीत बसल्या होत्या, इंजिन सुरू, हात चाकावर. ल्यूथरने पाणी फेकलं, मला काखेत मारलं आणि काच ठोठावली.

"निघालात?"

"मी परत येणार नाही, ल्यूथर. मदत करायला म्हणून आले आणि माणसाला भाजून ठेवलं. लाज वाटते मला."

"वाटणारच. मलासुद्धा तुमची लाज वाटतेय थोडी," ल्यूथर म्हणाला. "बरं, मला एक सांगा. तीस वर्षं बस चालवलीत. कधी एखादं पोर थांब्यावर विसरून पुढे गेलात?"

डोरीनबाई हळूच म्हणाल्या, "एकदा. बर्फ पडत होतं. पहिलीतली मुलगी होती."

"मग काय केलंत? घरी गेलात?"

"वेड लागलंय का तुला? बस वळवली. भरलेली बस घेऊन चार मैल मागे गेले. आणि तिच्या आईसमोर उभी राहून बोलणी खाल्ली."

"हं," ल्यूथर म्हणाला. "तो आत पिशवी भरतोय. इथे मला थंडी वाजतेय आणि या टबालाही."

खरंच वाजत होती. माझ्यातले उरलेले थेंब गोठले होते.

गाडीचं इंजिन बंद झालं.

सालो पुढच्या दाराजवळच्या बाकावर बसला होता. अंगात कोट, मांडीवर पिशवी, दोन्ही पायांना पांढऱ्या पट्ट्या. डोरीनबाईंनी स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर खाली बसल्या. ल्यूथर मला घेऊन तिथेच थबकला, आत जायचं सोडून.

"मिस्टर सालो, तुमचा पाय मी भाजला," डोरीनबाई म्हणाल्या. "पाणी किती गरम आहे हे मी बघायला हवं होतं. हातमोजे काढून कोपर घालायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी ते केलं नाही. चूक माझी आहे आणि मी तुमची माफी मागते. तुम्हाला रागवायचं असेल तर रागवा, मी बसलेय."

सालोने मांडीवरची पिशवी आणखी जवळ ओढली.

"माझी बोटं कापली तेव्हा दवाखान्यातले सात जण आले होते," तो म्हणाला. "सगळे म्हणाले, असं होतं कधीकधी. त्याच्या आधी दोनदा मी तिथे पाय दाखवायला गेलो होतो. दोन्ही वेळा मला बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं होतं. 'आमचं चुकलं' असं एक माणूस म्हणाला नाही. एकही."

"मी म्हणतेय."

"ऐकू आलं. बहिरा नाहीये मी." त्याने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "पण तुम्ही मला विचारलंत, बाई. मीच खोटं बोललो. पाण्याचं मला काही कळतच नव्हतं. गरम नाही, गार नाही, काही नाही. तीन वर्षं झाली. पाय मेलेत माझे."

ग्वेन पुढे आली. "हे तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगू? पाय बधिर आहेत म्हटलं तर जहाजावर कोण घेईल? डेकवर बर्फ असतं. एकदा सवय लागली लपवायची की लागली." त्याने डाव्या पायाकडे बोट केलं. "त्या गाडीत बोटं गोठली तेव्हाही कळलं नाही. मोजा काढला तेव्हा समजलं."

डोरीनबाईंनी नाक ओढलं आणि आपल्या बसवाल्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे आपण दोघंही गाढव."

सालोच्या दाढीत काहीतरी हललं. "तुम्ही जरा मोठ्या."

"मान्य. कोट काढता का मग? संध्याकाळचं सूप निवतंय."

सालोने ग्वेनकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग एक बाही काढली. दुसरी अडकली, ती ल्यूथरने काढून दिली.

मित्रांनो, त्या दिवसापासून सालोचं खरं औषधपाणी सुरू झालं, कारण आता आजार सगळ्यांना ठाऊक होता. ग्वेनने पायांच्या डॉक्टरला बोलावलं. रोज सकाळी आरसा धरून सालोने स्वतःचे तळवे बघायचे, असं ठरलं. भाजलेलं पाऊल भरायला सहा आठवडे लागले आणि पट्टी बदलायला आपली पाळी नसतानाही डोरीनबाई रोज आल्या. पहिल्या दिवशी त्यांच्या हातून पट्टी दोनदा निसटली तेव्हा सालोच म्हणाला, "सावकाश, बाई. मला कुठे बस पकडायचीय?"

मार्चच्या अखेरीस बंदरातलं बर्फ फुटलं आणि पहिल्या जहाजाचा भोंगा इथपर्यंत ऐकू आला. सालो खिडकीशी उभा राहून तो पुरता संपेपर्यंत ऐकत होता. जहाजावर तो आता जाणार नाही, हे त्याला समजलंय. बंदराच्या जुन्या सामानाच्या संग्रहालयात दोऱ्यांच्या गाठी दाखवायचं काम त्याला मिळालं आणि टेकडीवर एक खोलीही. जाण्याआधीच्या गुरुवारी त्याने दोन्ही पाय माझ्यात ठेवायचं ठरवलं. डाव्याची जखमही भरली होती. सात बोटं, दोन टाचा, सगळं मावलं.

डोरीनबाईंनी आधी थर्मामीटर बघितला. मग बाही वर करून कोपर घातलं. मग सवयीने विचारलं, "गरम आहे ना, मिस्टर सालो?"

"मला काय विचारताय?" तो ओरडला. "मला काय डोंबल कळतंय! तुमच्या कोपराला विचारा!"

सगळं घर हसलं. मीही, काठापर्यंत.

मी आता पुन्हा रोजच्या कामात आहे. माझ्याही कडीला थर्मामीटर बांधलाय. दुखऱ्या माणसाची काळजी घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ती देवदूत नसतात. दमतात, विसरतात, चुकतात. मी त्या दिवशी तापलेला पत्रा होतो, मला वाचा नव्हती. तुम्हाला आहे. म्हणून एवढंच मागणं: कुणाची सेवा करायला जाल तेव्हा जपून जा, आणि जपूनही हातून कुणी दुखावलं गेलं, तर गाडीत बसून निघून जाऊ नका. आत या, खाली बसा आणि स्वतःच्या तोंडाने सांगा. तो माणूस कदाचित दारापाशी कोट घालून बसलेला असेल.