तीन पानांचा फॉर्म

मामाच्या ऑफिसात सगळे ओरडून बोलायचे. भांडण नसायचं, सवय होती. आमच्याकडे येणारा माणूस बहिरा असायचा, नाहीतर अर्धा बहिरा, कारण मामा वकिली करायचा ती फक्त कानांची. कारखान्याच्या आवाजाने ज्यांचं ऐकणं गेलं त्यांचे दावे, दुसरं काही नाही. कोणी जमिनीचा वाद घेऊन आलं तर मामा त्याला दारातूनच वाटेला लावायचा. "कान गेला की या," म्हणायचा. दोन खोल्या, दोन टेबलं, आतून गाद्या ठोकलेलं कपाटाएवढं तपासणीचं केबिन, आणि मी. मामा म्हणजे माझ्या आईचा सख्खा भाऊ. चौदा वर्षं मी तिथे घसा फोडला.

मामाची एक रीत होती. आपल्या केसमधला कच्चा दुवा कागदावर लिहायचा नाही. तो तोंडाने सांगायचा, तोही एकदाच, आणि मी तो डोक्यात ठेवायचा. कागद कधी कोणाच्या हाती लागेल याचा भरवसा नाही, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे आमच्या फायली धुतल्या तांदळासारख्या असायच्या आणि माझं डोकं म्हणजे उकिरडा.

त्या उकिरड्यात सगळ्यात वर होता फिटर. एकवीस वर्षं पत्र्याच्या कारखान्यात, प्रेसच्या शेजारी उभा. दोन्ही कान गेलेले, डाव्यात थोडी धुगधुगी. त्याच्यासारखे आणखी साठजण होते. कोर्टाने ठरवलं होतं की आधी फिटरचा दावा ऐकायचा. तो जिंकला तर साठही जिंकल्यात जमा, हरला तर सगळ्यांनी घरी बसायचं. आठ वर्षं मी ही केस उरावर घेऊन फिरत होते.

तिचा कच्चा दुवा असा, की वयाच्या अकराव्या वर्षी फिटरचा उजवा कान फुटला होता. महिनाभर वाहत होता. त्याच्या गावी एक म्हातारा डॉक्टर होता, त्याच्या जुन्या वहीत ही नोंद होती. मामा आणि मी त्याला भेटायला गेलो. त्याने वही काढून दाखवली आणि म्हणाला, "मी होऊन कोणाला सांगायला जाणार नाही. पण कोर्टाने बोलावलं तर खोटं बोलणार नाही." वाहणारा कान पुढे बरा झाला होता. नंतर दोन्ही कान कारखान्यानेच खाल्ले, यात तिळमात्र शंका नव्हती. पण हे न्यायाधीशाच्या गळी कोण उतरवणार? येताना गाडीत मामा म्हणाला, "हा डॉक्टर आपल्याला भेटलाच नाही." त्या डॉक्टरचं नाव आमच्या ऑफिसात एकाही कागदावर आलं नाही.

आणि मग मी ऑफिस सोडलं. कारण सांगायला लाज वाटते, तरी सांगते. बाहेरच्या पाटीवर चौदा वर्षांत माझं नाव लागलं नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मामा म्हणाला, पाटी लहान आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, "माझ्यानंतर सगळं तुझंच आहे." कोणाच्या तरी मरणाची वाट बघत बसायचा मला कंटाळा आला होता. त्यात एका चार मजली वकिली ऑफिसचं बोलावणं आलं. दारावर स्वतःचं नाव. ते ऑफिस त्याच पत्र्याच्या कारखान्याचं वकील होतं, हे मला पक्कं माहीत होतं. पण कायद्यात त्याची सोय आहे ना, अशी मी स्वतःची समजूत घातली. जुन्या केसपासून नव्या माणसाला लांब ठेवतात. त्याला ते भिंत म्हणतात.

मामा एवढंच म्हणाला, "फिटरच्या सुनावणीला चार महिने राहिलेत. तेवढे थांबशील?"

"मामा, गेली आठ वर्षं चारच महिने राहिलेत."

तो हसला नाही. "बरं जा. पण तिकडे तोंड उघडू नकोस."

"मी काय तुला चहाडखोर वाटले?"

आई रडली. भावाला आता तोंड कसं दाखवू, म्हणाली. दाखवू नकोस, फोन कर, असं मी तिला सुनावलं. तेव्हा मी हवेत होते.

नव्या ऑफिसात पायाखाली गालिचा होता. पहिल्या दिवशी मी सवयीच्या आवाजात नमस्कार केला आणि तीन टेबलं सोडून बसलेल्या बाईच्या हातातला कप हिंदकळला. तिथला मुख्य वकील इतका हळू बोलायचा की ऐकायला पुढे वाकावं लागायचं. मी मनात त्याचं नाव मऊसाहेब ठेवलं. मऊसाहेबांनी मला माझी खोली दाखवली, दारावरचं नाव दाखवलं आणि टेबलावर एक फॉर्म ठेवला.

"भिंतीसाठी आहे. पूर्वीच्या ज्या कामांचा आमच्याशी विरोध येतो, त्यांतली माणसं लिहा. ज्यांच्याशी तुमचा संपर्क येऊ नये अशी. म्हणजे आम्ही सगळ्यांना सावध करू."

आता इथे माझी अक्कल शेण खायला गेली. मोठ्या ऑफिसात जन्म काढलेल्या कोणीही तिथे दोन नावं लिहिली असती, पक्षकार आणि जुना वकील. पण मी असला फॉर्म आयुष्यात पाहिला नव्हता. चौदा वर्षं सगळं डोक्यात कोंबलेलं, आणि आता समोर रेघा आखलेला कोरा कागद, खरं लिहा म्हणणारा. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! तोंड उघडायचं नाही हे मला पाठ होतं. मी तोंड उघडलंच नाही. तीन पानं भरली. फिटरच्या नावापुढे सात माणसं लिहिली: मामा, फिटर, त्याची बायको, तपासणी करणारी बाई, आमचा साक्षीदार डॉक्टर, जुना फोरमन, आणि गावचा तो म्हातारा डॉक्टर. पत्त्यासकट. उद्या तो कुठे भेटला आणि मी चुकून बोलले तर? म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती यादी सूचना म्हणून चारही मजल्यांवर गेली. खाली लिहिलेल्या व्यक्तींविषयी अमुक बाईंशी कोणीही बोलू नये. वर माझं नाव ठळक अक्षरात. मी ती दोनदा वाचली आणि चक्क खूश झाले.

अडीच महिन्यांनी मामाचा फोन आला. तो ओरडत नव्हता.

"कारखान्याने नवा साक्षीदार दिलाय. गावचा डॉक्टर. कोणाला बोललीस?"

"कोणालाच नाही. आईशप्पथ."

आईची शपथ, म्हणजे त्याच्या बहिणीची. त्याने फोन ठेवला. मग मी ती सूचना उघडली आणि फिटरखालची नावं मोजली. सातांपैकी सहा कोर्टाच्या कागदांत आधीच होती. सातवं का नाही, एवढाच प्रश्न कोणाला तरी पडायला हवा होता.

मी तणतणत मऊसाहेबांच्या खोलीत गेले. "तुम्ही माझा फॉर्म वापरलात!"

"बसा ना," ते म्हणाले. "तुम्हाला इथे कोणी या केसबद्दल काही विचारलं?"

"नाही."

"तुम्ही कोणाशी बोललात?"

"नाही."

"मग भिंत शाबूत आहे. सूचना तर सगळ्यांनी वाचायचीच असते." ते थोडं पुढे वाकले. "खरं सांगू? इतका मन लावून भरलेला फॉर्म मी पाहिला नव्हता. नवीन येणाऱ्यांना आम्ही तो नमुना म्हणून देणार आहोत. नावं झाकून, अर्थात."

मी राजीनामा दिला असेल असं तुम्हाला वाटत असेल. नाही दिला. दारावरचं नाव वाचत माझ्या खोलीत गेले आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिले.

मामाने आपल्या रीतीप्रमाणे फिटरला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. कोर्टात कारखान्याच्या वकिलाने त्याला विचारलं, लहानपणी कान फुटला होता का? तो म्हणाला, नाही. पन्नाशीच्या माणसाला अकराव्या वर्षीचा कान कशाला आठवतोय! पाठोपाठ म्हातारा डॉक्टर वही घेऊन उभा राहिला आणि बोलल्याप्रमाणे खोटं बोलला नाही. न्यायाधीशाने लिहिलं की या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही. दावा फेटाळला. साठजण आपोआप पडले.

निकालाची प्रत मिळायची त्या दिवशी मामाने फोन केला. "फिटर येतोय कोर्टात. डॉक्टर कुठून उगवला, हे त्याला अजून कळलेलं नाही. तू सांग."

"मला भेटायची बंदी आहे, मामा."

"केस संपली. आता कसली बंदी?" तो म्हणाला. "आणि मी त्याला हे सांगणार नाही. माझ्याच्याने होणार नाही."

कोर्टाच्या लांब व्हरांड्यात फिटर बाकावर बसला होता, शेजारी बायको, तिच्या मांडीवर कागदांची पिशवी. मला बघून तो उठलाच. "ताई! तुम्ही!" सगळा व्हरांडा दणाणला. मी त्याच्या डाव्या कानाशी गेले.

"डॉक्टरांचं नाव माझ्यामुळे कळलं त्यांना!"

"काय?"

मी आवाज चढवला. "डॉक्टरांचं नाव! मी लिहून दिलं!"

कारकुनांनी माना वर केल्या. माझ्या नव्या ऑफिसातले दोन वकील जिन्याशी उभे होते, ते बोलायचे थांबले.

"कोणाचं नाव?" फिटरने कानामागे हात धरला. माझ्यासाठी बिचारा वाकला.

मी छाती भरून श्वास घेतला. चौदा वर्षं बहिऱ्यांशी बोलण्यात गेली, हे वाक्य त्याच्या कानात घालणं मला अशक्य नव्हतं. त्या दोन वकिलांकडे माझी नजर गेली आणि मी ओरडले, "फार वाईट झालं!"

"हां, वाईट झालं," तो मान हलवत म्हणाला. हे त्याला नीट पोचलं. "पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही असतात तर जिंकलो असतो. मी हिला तेच सांगत होतो."

त्याची बायको अजून बसलेलीच होती. ती माझ्याकडे बघत होती.

"मला ऐकू येतं, ताई," ती हळूच म्हणाली.

"काय म्हणतायत त्या?" फिटरने तिला विचारलं.

ती उठली, पिशवी खांद्याला अडकवली आणि त्याच्या डाव्या बाजूला गेली. "काही नाही," ती त्याच्या कानात ओरडली. "चला, बस चुकेल."

ती त्याला दंडाला धरून जिन्याकडे घेऊन गेली. वळणावर त्याने मागे वळून मला हात केला, आणि मीही केला.