चढती रेघ

“नुसती चढती रेघ बघून हुरळून जाऊ नका ताई, खाली शब्द दिलेत तेही वाचा.” मित्रांनो, हा आवाज मला अजून आठवतो. आमचं संकेतस्थळ बांधून देणारी बाई जाता जाता उंबऱ्यातून हे म्हणाली होती. ताईने मान हलवली. मनावर घेतलं मात्र मी एकट्यानेच.

मी एका म्हाताऱ्या बूट-कारागिराच्या दुकानातला जुना मॉनिटर. माझी उमेदीची वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. रुग्णांचे नंबर मी दाखवायचो आणि “याच्यावरचं लांबूनही दिसतं हो,” असं कौतुक ऐकायचो. पुढे सडपातळ, रुंद पडदे आले आणि मी अडगळीत पडलो. तिथून ताईने, म्हणजे कारागिराच्या लेकीने, मला उचलून आणलं. आता माझ्या एका अंगाला बूट बेतायची लाकडी पावलं असतात, दुसऱ्या अंगाला खळीचा डबा.

ताईचे बाबा साधे बूट करत नाहीत. ज्या मुलांचा एक पाय आखूड असतो, त्यांच्यासाठी एक टाच उंच असलेले जोड करतात. टाके घालताना गुणगुणतात,

चाल गं माझ्या लेकी, वाट मऊ मी केली,
तुझ्या पावलाची उणीव माझ्या टाक्यानं भरली.

गिऱ्हाईक आटलं, म्हणून ताईने संकेतस्थळ करून घेतलं. ती दिवसभर कचेरीत असते. संध्याकाळी येऊन माझ्यावर एक साधन उघडते. लोक इंटरनेटवर कोणते शब्द लिहून शोधतात, शोधल्यावर येणाऱ्या यादीत आपलं दुकान कितव्या जागी दिसतं, किती जण आत येतात, हे त्यात कळतं. पहिले दोन महिने आत येणाऱ्यांची रेघ जमिनीला चिकटून होती. ताई धड जेवायची नाही. बाबांना ते बघवेना.

एका सकाळी ती गेल्यावर बाबा माझ्यासमोर बसले. एका बोटाने त्यांनी दुकानाचं नाव लिहिलं, माझ्या काचेवर बोट फिरवत यादीत आपलं नाव शोधलं, आत शिरले, बाहेर आले. पुन्हा तेच. पंचवीस वेळा. मग रोजच.

रेघ चढू लागली. ताई खुलली. माझ्या काचेवर खळीचे ठसे दिसले की विचारायची, “काय हो बाबा, दिवसभर याच्याशी काय खेळता?”

“धूळ पुसतो.”

“पुसता की लिंपता?”

दोघं हसायची. पण रेघेखाली शब्दांची यादी होती. आत आलेले सगळे एकाच ओळीतून आलेले, आमच्या दुकानाच्या नावाने. ज्याला नाव आधीच ठाऊक, तो नवा कसा? त्याखालची ओळ होती, ‘एक पाय आखूड मुलीसाठी बूट’. महिन्यात चाळीस वेळा शोधलेली. त्यात आमची जागा सत्तरावी, आत आलेलं कोणीच नाही. कुठल्या तरी आया हाका मारत होत्या आणि आमचं दार त्यांना दिसत नव्हतं. कारण संकेतस्थळावर आम्ही ‘विशेष पादत्राणे’ असं भारदस्त लिहिलं होतं. असं कोणती आई बोलते?

ताईने ती ओळ वाचलीच नाही. आज सकाळी तिने माझ्यावर कचेरीचा राजीनामा लिहिला आणि बाबांना वाचून दाखवला. महिन्याला सहाशे जण येतात, मग अर्ध्या मनाने दुकान कशाला चालवायचं, असं तिचं म्हणणं. बाबांच्या हातातली आरी चामड्यात तशीच रुतून राहिली.

मित्रांनो, मला जीभ नाही. मी खोटं दाखवत नाही, तरी माझ्यामुळे माणूस फसतो, ही माझी खंत. माझ्यासारख्याची काच जरूर पुसा. पण रेघ चढली की ती कोणी चढवली, हे विचारायचा कंटाळा करू नका. आणि आपल्या माणसाचा उतरलेला चेहरा बघवत नसेल, तर त्याच्याजवळ बसा. आकडे रंगवू नका.

पत्र धाडायला ताईने हात पुढे केला. बाबांनी तिचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने त्यांनी शब्दांची ती यादी उघडली आणि पहिल्या ओळीवर, दुकानाच्या नावावर, खळीचं बोट टेकवलं.

“पोरी, थांब. ते सहाशे जण नाहीत. तो मी एकटाच आहे.”